बेंबीची नवी जागा

मंगळवार, १९ नोव्हेंबर

आदरणीय ओदोन दाजी,

वेंडेलचा वाकून नमस्कार. (वाकून हा शब्द शोभेसाठी लिहिलेला नाही. सध्या मी खरोखरच वाकलेला आहे, कारण पुढे येईल.) तुमचा डावा गुडघा थंडीत कसा आहे? तेरेझताईचा खोकला थांबला का, की ती अजून त्या औषधवाल्याचंच ऐकते आणि कांद्याचा काढा घेत नाही? तुमच्या आलुबुखारांना यंदा कीड लागली असं कानावर आलं. त्यांची दारू, आपली पालिंका, किती उतरली ते कळलं नाही, पण चांगलीच उतरली असणार, कारण तुमच्या हाताला ती विद्या आहे हे मी कधी नाकारलेलं नाही. मी तुमच्या ज्या विद्येबद्दल बोललो ती वेगळी होती.

गेल्या डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी, पुढ्यात गरम रस्सा वाढलेला असताना, तुम्ही उठलात, टोपी घातलीत आणि ताईला घेऊन निघून गेलात, त्याला आज अकरा महिने दहा दिवस झाले. मला तारखा लक्षात राहतात, हा माझा दोष नाही. डुकराचं पोट फाडताना आतडं फुटलं, वास सुटला, अर्धं सॉसेजचं मांस वाया गेलं, आणि जमलेल्या सोळा माणसांसमोर मी म्हणालो की तुम्ही धरलेला पाय हलला. त्यावर तुम्ही दारातून जे म्हणालात तेही मला शब्दशः आठवतं: "वेंडेल, मी डुकराचा पाय धरला होता, तुझी सुरी नव्हे." या विषयात आज शिरायचं नाही असं ठरवून मी लिहायला बसलो आहे. मला जे सांगायचं आहे ते अगदी वेगळं आणि फार भयंकर आहे, आणि ते समजेल असा माणूस या पृथ्वीवर तुमच्याशिवाय मला दिसत नाही.

सप्टेंबरच्या शेवटी एका सकाळी अरांका अंडी फेटता फेटता म्हणाली की ती सेगेदला जाऊन कमरेची चरबी काढून घेणार आहे. टोमॅटो आणायला जाते अशा आवाजात म्हणाली. माझ्या हातातला पाव हातातच राहिला. दाजी, मी गेली एकतीस वर्षं या गावात घरोघर जाऊन डुक्कर कापून देतो. कुठल्या शाळेत शिकलो नाही, कुणी गुरू केला नाही, बघून, वाचून आणि चुकून शिकलो. पाठीची चरबी, मानेची चरबी, आतड्यांवरची जाळीसारखी चरबी, मूत्रपिंडाभोवतीची मऊ पांढरी चरबी, यांतली प्रत्येक कशी सुटते, कुठे चिकटते, कढवल्यावर कशी वागते हे मी डोळे मिटून सांगतो. आणि माझ्याच घरात, माझ्याच बायकोची चरबी काढायची, तर ती परक्या माणसाकडे जाणार, तेही जिवंतपणी. मी तिला तसं म्हणालो. ती म्हणाली, "मग काय तुझ्याकडे येऊ?"

विषय माहीत नसताना बोलणं माझ्या स्वभावात नाही. मी तालुक्याच्या वाचनालयातून शस्त्रक्रियेचं जाडजूड पुस्तक आणलं (परत करायची तारीख आठ ऑक्टोबर, मी सात तारखेला केलं) आणि नऊ दिवस वाचलं. शेजारच्या गावातल्या गुरांच्या डॉक्टरलाही दोन प्रश्न विचारले. त्याला दोन्ही आले नाहीत. अरांका म्हणाली, एवढा अभ्यास केलास तर चल माझ्याबरोबर. तेव्हा दहा ऑक्टोबरला आम्ही दोघं सकाळच्या बसने सेगेदला गेलो.

आता डॉक्टरकडे रिकाम्या हाताने जाणारी आपली माणसं नव्हेत. आपल्या आईने दाढ काढायला जातानासुद्धा कोंबडी नेली होती, ताईला आठवत असेल. मी घरातली सगळ्यात चांगली वस्तू निवडली: गेल्या हिवाळ्यातली मंगालित्सा जातीच्या डुकराची चरबी, तीन लिटरची बरणी, बर्फासारखी पांढरी, आणि वर झाकणाशी कुरकुरीत तुकड्यांचा दोन बोटं थर. ती मी दवाखान्याच्या काउंटरवर ठेवली. बसायच्या खोलीत सात बायका आणि एक तरुण माणूस होता. काउंटरवरच्या पोरीने बरणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग अगदी हळू आवाजात विचारलं, "काका, ही कुणाची?" मी अभिमानाने म्हणालो, "माझीच. गेल्या डिसेंबरात काढली, घरच्या घरी." त्या तरुण माणसाने उठून खिडकी उघडली. काय चुकलं ते मला बसमध्ये परत येताना कळलं.

डॉक्टर म्हणजे इल्दिको वामोश नावाच्या बाई. वय चाळिशीचं, बोटं लांब, नखं अगदी मुळापर्यंत कापलेली. (हात पाहिले आणि मला जरा धीर आला. नखं वाढवणाऱ्याच्या हातात मी सुरी देत नाही.) त्यांनी अरांकाला उभं केलं आणि चिमट्यासारख्या मोजपट्टीने कमरेची घडी मोजायला घेतली. मी सवयीने आधीच आडवी बोटं लावून म्हणालो, "साडेतीन." बाईंनी मोजलं, आकडा पाहिला, माझ्या बोटांची रुंदी मोजली, हिशेब केला आणि म्हणाल्या, "वेंडेलकाका, साडेतीनच. तुम्ही काय करता?" मी सांगितलं. बाई हसतील असं वाटलं होतं, पण त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली आणि अरांकाला सोडून मलाच समजावून सांगायला लागल्या. एका जाणकाराने दुसऱ्याशी बोलावं तसं. पुढे जे ऐकलं त्याने माझ्या अंगावर जो काटा आला तो अजून बसलेला नाही.

पहिली पद्धत शोषून घ्यायची. कातडीला गव्हाच्या दाण्याएवढं भोक पाडायचं, त्यातून आत नळी घालायची, आणि पंपाने ओढायचं. इथवर पुस्तकात होतं. पुस्तकात होतं पण मी विश्वास ठेवला नव्हता तो भाग असा, की ओढण्याआधी आत मिठाचं पाणी भरतात. बधिर करायचं औषध आणि रक्त आवरायचं औषध त्यात मिसळलेलं असतं हे खरं, पण मूळ वस्तू मिठाचं पाणी. लिटरच्या लिटर. माणूस टम्म होईपर्यंत. दाजी, मांसात सुईने मिठाचं पाणी भरणारे कारखानेवाले, ज्यांचं हॅम आपण दोघांनी एकत्र बसून कुत्र्याला घातलं होतं, त्यांची ही रीत. मी बाईंना तोंडावर सांगितलं की आमच्यात याला लबाडी म्हणतात. बाई म्हणाल्या, "तुमचं गिऱ्हाईक मेलेलं असतं काका, त्याला दुखत नाही आणि त्याचं रक्त वाहत नाही."

आणि ती नळी मग हाताने मागे-पुढे, मागे-पुढे सारायची, तासन् तास, कातडीखाली, आंधळेपणाने. दिसत काही नाही. मी विचारलं, मग नळीचं टोक कुठे आहे हे कसं कळतं? बाई म्हणाल्या, एक हात नळीवर आणि दुसरा कायम वरून कातडीवर. टोक कुठे आहे ते वरच्या हाताला कळतं, आणि ज्या क्षणी कळेनासं होतं त्या क्षणी थांबायचं. "टोक हरवलं आणि तरी हात चालू ठेवला," बाई म्हणाल्या, "की आतडं फुटतं." अरांकाने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या चित्राकडे पाहिलं.

दुसऱ्या प्रकारात आधी आवाजाने चरबी ढिली करतात. कानाला ऐकू न येणारा आवाज, सळईतून आत सोडायचा. तिसऱ्यात पाण्याची बारीक धार मारून ती सोडवतात, आपण आतडी धुतो तशी. चौथ्यात सळईच्या टोकाला लेसरचा प्रकाश, तो आतल्या आत चरबी वितळवतो. म्हणजे दाजी, कढवतात. माणसाची चरबी, माणसाच्या आत, माणूस जिवंत असताना, मंद आचेवर. मी शांतपणे विचारलं की मग कुरकुरीत तुकडे कुठे जातात. बाई पहिल्यांदाच गोंधळल्या. मी समजावलं की चरबी कढवली की तुकडे उरतातच, हा निसर्गाचा नियम आहे, ते जर बाहेर येत नसतील तर आत राहतात. बाईंनी विचार केला आणि म्हणाल्या की एवढी आच त्या लावतच नाहीत, आणि आच जास्त झाली तर कातडी भाजते, म्हणून त्यांना स्वतःला ही पद्धत फारशी आवडत नाही. त्या क्षणी मला ही बाई आवडली. जी आपल्या आचेला घाबरते तिचं कढवणं चांगलं असतं.

पण आदर वाढतो आहे तोवर पुढचा धक्का. काढलेली चरबी ते लिटरमध्ये मोजतात. दुधासारखी. (एका वेळी पाच लिटरच्या आसपास थांबायचं, नाहीतर माणसाच्या जिवाला धोका.) आणि मोजून झाल्यावर जाळायला पाठवतात. सगळी. मी जागचा उठलो. एकतीस वर्षांत माझ्या हातून मूठभर चरबी वाया गेलेली नाही. नाही म्हणायला, बाई म्हणाल्या, कधी कधी ती धुऊन, गाळून त्याच माणसाच्या गालात किंवा मागे बसायच्या जागी परत भरतात. कमरेची काढून मागे. दाजी, पाठीच्या चरबीचा तुकडा कापून मांडीला शिवणारा खाटीक आपल्याकडे असता तर लोकांनी त्याला गावाबाहेर हाकललं असतं. इथे त्याच्या भिंतीवर प्रमाणपत्रं लागतात.

एवढं झाल्यावर मी माझा हुकमाचा प्रश्न टाकला. म्हटलं, ही सगळी कातडीखालची चरबी झाली. पोटाच्या आतली, आतड्यांभोवतीची, जिच्यात खरी गंमत, जी पिठात मळून, जर्दाळूचा जाम भरून तेरेझताई नाताळात पापुद्र्यांची पेस्ट्री करते, ती कशी काढता? बाई म्हणाल्या, "ती काढत नाही. कुणीच काढत नाही. तिला सुरी नाही काका, तिला एकच औषध, कमी खाणं आणि चालणं." मी थक्क झालो. उत्तम माल आत सोडून हे लोक वरचं खरवडतात. आणि वर बाईंनी स्पष्टच सांगितलं की याने वजनही फारसं उतरत नाही, फक्त आकार बदलतो. मग त्यांची नजर माझ्या पोटावर गेली (माझा काही संबंध नसताना), त्यांनी विचारून माझा शर्ट वर केला, चिमटा लावला आणि म्हणाल्या, "तुमची बाहेरची साडेचार बोटं, बाकी आतली." मी आधीच मनात साडेचार म्हटलं होतं. पण परक्याच्या तोंडून ऐकणं वेगळं.

सगळ्यात शेवटी कापायची पद्धत. जिथे कातडी लोंबते तिथे नळी उपयोगाची नाही. तिथे कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत खालून आडवा काप घ्यायचा, कातडी आणि चरबी स्नायूंवरून सोडवत थेट फासळ्यांपर्यंत वर उचलायची, पडदा उचलावा तशी, मग खाली ओढून ताणायची, उरलेली कापून टाकायची आणि शिवायचं. हे ऐकताना मला प्रथमच घरी आल्यासारखं वाटलं. हे आपलं काम. मी मान डोलावत होतो, आणि मध्येच माझ्या लक्षात आलं. मी विचारलं, कातडी जर खाली ओढली, तर बेंबी कुठे जाते?

बाई म्हणाल्या, बेंबी आहे तिथेच राहते. तिच्याभोवती गोल कापून तिला आधी सोडवून ठेवतात. देठावर. मग कातडी खाली ओढली की वरच्या कातडीला नवीन भोक पाडायचं आणि बेंबीला त्यातून बाहेर काढून शिवायचं. कोटाला नवं काज करावं आणि जुनं बटण त्यातून काढावं तसं. काज कुठे करायचं ते डॉक्टर ठरवतात. डोळ्यांनी अंदाज घेऊन.

दाजी, मला पाणी मागावं लागलं. अठ्ठावन्न वर्षं मी ज्या एका गोष्टीला पक्की समजत होतो ती ही. घर बदलतं, सरकार बदलतं, पैशावरचे चेहरे बदलतात, पण माणसाची बेंबी आईने जिथे ठेवली तिथे असते. आणि ही बाई म्हणते, एक सेंटिमीटर इकडे तिकडे झाली तर शेजाऱ्याला कळत नाही, पण तिला स्वतःला रात्री झोप येत नाही.

अरांका एवढा वेळ खुर्चीत हात बांधून ऐकत होती. ती उठली, कोट घातला, बाईंचे आभार मानले आणि म्हणाली की साडेतीन बोटांसाठी मिठाचं पाणी भरून घ्यायची तिची तयारी नाही, ती पोहायला जाईल. आणि त्याप्रमाणे आठवड्यातून तीनदा गरम पाण्याच्या तलावावर जाते. कमर आहे तेवढीच आहे, पण आता तिला ती आवडते असं म्हणते. तेव्हा हे प्रकरण संपलं, आणि पत्रही संपवतो. ताईला नमस्कार, गुडघ्याला जपा, आणि माझ्या बोलण्यातलं जे कमी-जास्त वाटेल ते माझ्या एकट्याने शिकण्याच्या माथी मारा.

तुमचा मेहुणा,
वेंडेल

ता. क. मी वाकलेला का आहे हे सांगायचं राहिलं. सहा नोव्हेंबरला माझी शस्त्रक्रिया झाली. कापायची. कमरेच्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंत, बत्तीस सेंटिमीटर, टाके समान अंतरावर. काही दिवस सरळ उभं राहायचं नाही, नाहीतर शिवण ताणते. गुडघ्यांखाली दोन उशा घेऊन लिहितो आहे. बेंबी चांगली बसली आहे. मी मोजपट्टीने तपासलं, तीन मिलिमीटर डावीकडे आहे, पण बाई म्हणतात ती जन्मापासूनच तशी होती.

ता. क. दुसरा. बाईंनी मला विचारलं होतं, का करून घ्यायची? बाकी लोक कपडे बसत नाहीत म्हणतात, आरसा म्हणतात, बायको म्हणतात. मी म्हटलं, मला वाकल्यावर माझ्या सुरीचं टोक दिसत नाही. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि तारीख दिली. आतली चरबी मात्र मलाच उतरवायची आहे, तेव्हा सकाळचा पावावरचा चरबीचा थर बंद. हे लिहिताना हात जड होतो.

ता. क. तिसरा. तुम्ही धरलेला पाय हलला नव्हता. माझं पोट मध्ये आलं, टोक दिसेनासं झालं, आणि मी हात थांबवला नाही. वास सुटला त्याच क्षणी मला कळलं होतं. सोळा माणसं बघत होती.

ता. क. चौथा. यंदाचं डुक्कर चौदा डिसेंबरला ठरलं आहे. एकशे ऐंशी किलो, पाठीवर आठ बोटं. मी दवाखान्याच्या पत्रकात वाचलं होतं की दोन आठवड्यांत माणूस कामाला लागतो. ते नळीच्या पद्धतीबद्दल होतं. कापून घेणाऱ्याला सहा आठवडे जड उचलायची मनाई. (मी ओळ चुकलो. हे कुणाला सांगू नका.) सहा आठवडे अठरा तारखेला संपतात. मी बाईंकडे चार दिवसांची सूट मागितली, त्या म्हणाल्या, टाके तुटले तर त्या पुन्हा शिवणार नाहीत. त्याही जेवायला येणार आहेत, त्यांना पाठीची चरबी कातडीवरून कशी सोडवतात ते पाहायचं आहे. तेव्हा सुरी तुम्ही धरा. तुमची तीच आणा, जिला मी बुटाचा चिखल खरवडायची पट्टी म्हटलं होतं. लोकांनी विचारलं तर मला हर्निया झाला होता असं सांगा.

दाजी, हे पाकीट बंद करायला त्याने माझ्याकडे दिलं म्हणून दोन ओळी माझ्याही. हे पत्र त्याने चार वेळा लिहिलं. पहिल्या तिन्हींत "पाय थोडा हलला असेल" असं होतं, चौथ्यात ते गेलं. हर्नियाचं मनावर घेऊ नका, पोस्टमनपासून पाद्रीबाबांपर्यंत सगळ्यांना तो टाके दाखवून झाला आहे, आणि आपल्या सॉसेजपेक्षा शिवण सरळ आहे हे स्वतःच कबूल करतो. ताईला घेऊन शुक्रवारीच या. सुरी तुम्ही धरा, पाय मी धरते. तो खुर्चीत बसून तुम्हाला शिकवेल. त्याच्या या शिकवण्यावर काही इलाज आहे का, असं मी डॉक्टरबाईंना विचारून पाहिलं, त्या म्हणाल्या, तेही आतलं आहे, त्याला सुरी नाही.

तुमची,
अरांका